सत्ताविसाव्या थराचा आवाज

१

चोराने आकडे सोडले होते आणि आवाज तेवढा नेला होता.

सकाळी अकरा वाजता दोन अधिकाऱ्यांनी टेपखोलीतल्या डब्या मोजल्या. चाळीस हव्या होत्या, एकोणचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी तेवढ्याच. सत्तावीस क्रमांकाची डबी जागेवर नव्हती. पाच मिनिटांत खोलीला सील लागलं, दहा मिनिटांत आवाराची फाटकं बंद झाली, आणि अर्ध्या तासाने सुरक्षाप्रमुखांनी तपासबाईंना बोलावून घेतलं.

तपासबाईंची तीस वर्षं याच आवारात गेली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी शोधून काढलेल्या मोठ्यात मोठ्या वस्तू म्हणजे एक सायकल आणि एक हरवलेला शिक्का. त्यामुळे प्रमुखांचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, यांनी चुकून आपल्यालाच बोलावलं असावं.

"बसा, बाई. टोपीची टेप गेलीय."

टोपी म्हणजे काय, हे बाईंना माहीत होतं. नऊ दिवसांनी दूर पल्ल्याचं नवं क्षेपणास्त्र समुद्रावर उडवून पाहायचं होतं. आकाशाबाहेर जाऊन ते परत हवेत शिरतं तेव्हा त्याचं टोक भट्टीसारखं तापतं. त्या टोकावर काळ्या धाग्यांच्या कापडाचे, राळेत भिजवलेले चाळीस थर चढवून शंकू बनवलेला असतो. तीच टोपी. आत जे बसतं त्याला झळ लागू नये म्हणून. आत काय बसतं ते कोणी उच्चारत नसे, नुसतं 'सामान' म्हणत. चाचणीत सामानाच्या जागी तेवढ्याच वजनाचं लोखंड असे. खरं सामान म्हणजे एक अख्खं शहर काही क्षणांत पुसून टाकणारं अण्वस्त्र.

"थराची जाडी मोजताना दोघं असतात," प्रमुख सांगू लागले. "एक जण मापकाचा काटा वाचून मोठ्याने आकडा म्हणतो, दुसरी तो वहीत लिहिते. डोळे दोघांचे, सह्या दोघांच्या. शेजारी टेप चालू. एका थराला एक टेप. काल संध्याकाळी वरून हुकूम आला, चाचणीआधी सगळ्या टेप पूर्ण ऐका. आज सकाळी नऊला तो फळ्यावर लागला. अकराला टेप गायब."

"आणि वही?"

"वही जागेवर आहे. त्याच खोलीत, उघड्या फळीवर."

"म्हणजे सगळे आकडे लिहिलेली वही समोर असताना चोराने जड टेप उचलली?"

"ते चोराला विचारा. चोर सापडलाय." प्रमुखांनी दाराच्या नोंदीचा कागद पुढे सरकवला. "दहा वाजून दहा मिनिटांनी ती आकडे लिहिणारी नोंदवाली टेपखोलीत जाऊन आली. तिचं तिथे काहीच काम नाही. विचारलं तर तोंड उघडत नाही. पाच वाजता हेर पकडणाऱ्या बाहेरच्या खात्याची गाडी येईल. एकदा त्या गाडीत बसली की ती कुठे आहे हे मलाही कळणार नाही. हे बाहेर कोणाला सांगू नका."

"मग मला कशाला बोलावलंत?"

प्रमुखांनी मान खाली घातली. "माझ्या डोळ्यांसमोर सात वर्षं आहे ती, बाई. एकदा तरी कोणीतरी तिला नीट विचारावं."

२

टेपखोलीचं सील बाईंसाठी काढण्यात आलं. खोली थंड होती आणि तिला जुन्या कागदाचा वास होता. जगाशी तारेने जोडलेलं एकही यंत्र इथे चालत नसे, म्हणून अजून जुन्या चकत्यांच्या टेप. मधल्या फळीवर करड्या रंगाच्या डब्या शिस्तीत उभ्या होत्या. सव्वीस, मग त्याच मापाचा लाकडी ठोकळा, मग अठ्ठावीस. एकही डबी तसूभर कललेली नव्हती.

खोली सांभाळणारे टेपमामा दारातच उभे होते. वय पन्नाशीच्या पुढे, हातात कायम पिवळं फडकं.

"आत या ना, मामा."

"नको. मोजणी झाली तेव्हाही मी इथेच उभा होतो. हात लावायचा नाही म्हणाले, नाही लावला."

"या डब्या पूर्वी लाल होत्या ना?"

"उन्हाळ्यात बदलल्या. लाल रंग उडून टेपवर पडायला लागला होता." मामांचा आवाज जरा मऊ झाला. "टेप आडवी पडली की वाकते, बाई. एकदा वाकली की माणसाचा आवाज रडका येतो. लेकरासारखं उभं धरून ठेवावं लागतं."

"तुम्ही ऐकता या?"

"पहिलं मिनिट आणि शेवटचं. यंत्र चालू होतं की नाही, एवढंच बघायला. मधलं ऐकायची मला परवानगी नाही."

"कोणावर संशय?"

"मला कोण काय सांगतंय! चौकशी चालू आहे एवढंच कानावर आलं." त्यांनी फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "टेप नाही मिळाली तर काय होईल हो?"

"एक माणूस आयुष्यातून उठेल."

मामांच्या हातातलं फडकं थांबलं.

३

नोंदवाली मागच्या इमारतीतल्या एका खोलीत बसली होती. तिशी-पस्तिशीची, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा.

"पाणी घेतेस?"

"वाजले किती?"

"दोन."

"साडेपाचला माझी मुलगी पाळणाघराच्या दारात उभी असते. उशीर झाला की चपला हातात घेऊन बसते. तिथल्या बाईंना सांगते, आई आली की लगेच घालीन." तिने ओठ आवळले. "कोणीतरी तिला आणायला जाईल का?"

"तूच जाशील. सकाळी टेपखोलीत कशाला गेली होतीस, एवढं सांग."

ती बोटावरचा घट्टा चोळत राहिली.

"टेप घेतलीस?"

"नाही."

"मग कोणी घेतली?"

तिने झटकन खाली पाहिलं. बाईंनी आयुष्यभर हरवलेल्या छत्र्या शोधल्या होत्या. छत्री नेलेला माणूस समोरच्याकडे बघतो आणि कोणी नेली हे ठाऊक असलेला जमिनीकडे, एवढं त्या शिकल्या होत्या.

"काटेकाका कसे आहेत गं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

काटेकाका म्हणजे मापक वाचणारे. पंचवीस वर्षं त्यांच्या आकड्यावर कोणी शंका घेतली नव्हती. केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक ते डोळ्याने ओळखत, अशी त्यांची ख्याती.

"त्यांना यात ओढू नका!" नोंदवाली एकदम उभी राहिली. "काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. मी घेतली. झालं?"

"आत्ता तर नाही म्हणालीस."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर पहारेकरी होता, आणि त्याच्यामागे भिंतीला हात टेकून काटेकाका उभे होते.

"तिला सोडा," काका म्हणाले. "टेप मी चोरली."

४

बाईंनी काकांना आपल्या टेबलापाशी नेलं. ते खुर्चीच्या पाठीला हात लावून मग बसले.

"तिला धरलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? सात वर्षांत न कळवता ती कधी जागेवरून उठलेली नाही. आज दोन-तीन तास तिच्या खुर्चीचा आवाज आला नाही."

"बरं. टेप कशी घेतलीत?"

"कशी म्हणजे? गेलो. मधल्या फळीवरची लाल डबी काढली, पिशवीत टाकली आणि आलो."

"कोणत्या देशाला विकणार होतात?"

काका हसले, दुखऱ्या दाढेने हसावं तसे. "बाई, ज्या वस्तूवर सगळं आयुष्य घातलं, ती कधीच वापरली जाऊ नये असं मला रोज सकाळी वाटतं. जगात असा धंदा दुसरा नसेल. सुतार खुर्ची करतो ती कोणीतरी बसावं म्हणून. आम्ही जे करतो ते कुलपात गंजून जावं म्हणून. पण कच्चं राहिलं तर धाक राहत नाही, आणि धाक गेला की कोणीतरी खरंच वापरायला निघतं, असं आम्हाला सांगतात. खरं-खोटं तुम्ही जाणा. मी आपला थर मोजतो."

"ठीक आहे. हा तुमचा जबाब. नीट वाचा आणि खाली सही करा."

काकांनी कागद हातात घेतला. वाचायला लागावा तेवढा वेळ त्याच्याकडे पाहिलं, दोनदा मान हलवली, आणि चाचपडत खालच्या कोपऱ्यात सही केली.

बाईंचे डोळे भरून आले. तो कागद जबाबाचा नव्हता. उपाहारगृहात या आठवड्यात काय काय मिळेल, त्याची यादी होती.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "डब्या उन्हाळ्यातच करड्या झाल्या. तुम्ही त्या खोलीत पाऊलही टाकलेलं नाही. आणि कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

काकांनी चाचपत कागद टेबलावर ठेवला.

"मधलं दिसत नाही," काका म्हणाले. "कडेचं दिसतं. माणूस येतोय हे कळतं, काटा कुठे आहे ते कळत नाही. वर्ष झालं. ती आकडा कुजबुजते, मी मोठ्याने म्हणतो. आकडे खरे आहेत, बाई. पण डोळे दोघांचे हवे होते, ते एकटीचेच होते." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "माझी चार महिन्यांची नोकरी राहिलीय, तेवढी अब्रूने काढावी असं तिच्या मनात आलं. आणि माझ्यासाठी तिने टेप नेली. आता तिला नेतायत. मी घरी जाऊन काय तोंड दाखवू?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. आणि बाईंना आता पक्कं कळलं होतं की काकांना वाटतंय तसंही घडलेलं नाही.

५

त्या परत नोंदवालीकडे गेल्या.

"काकांनी टेप नेलेली नाही. त्यांचे डोळे गेलेत, हेही मला कळलंय. आता लपवायला काही उरलं नाही. सकाळी काय झालं?"

नोंदवालीने तोंडावर हात धरला. मग बांध फुटल्यासारखी बोलू लागली. "सत्ताविसाव्या थराला आमचं बोलणं झालं होतं. काका काहीतरी म्हणत होते आणि मी म्हटलं, तुम्हाला काटा दिसत नाही, मला दिसतोय ना. टेप चालूच होती. हुकूम वाचला आणि मला ते आठवलं. धावत गेले. पण ती जागेवर नव्हतीच! तिथे लाकडाचा ठोकळा होता. मला वाटलं, काकाच माझ्या आधी येऊन गेले."

"ठोकळा होता? दहा वाजता?"

"हो. का?"

बाई उत्तर न देता बाहेर पडल्या. चालता चालता त्यांना स्वतःच्या घराची आठवण झाली. त्यांचा नवरा बावीस वर्षं याच आवारात इंधनाच्या इमारतीत होता. जेवताना दोघं भाजीबद्दल बोलत. बाकी सगळं बोलायला बंदी. इथे बंदीचीच सवय लागते. तीन माणसांकडे एकच गुपित असतं, आणि तिघंही ते एकमेकांपासून जपतात.

टेपमामा बाकावर बसले होते. बाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"मामा, मी बोलते. चुकलं तर थांबवा. चोराला आकडे नको होते, नाहीतर त्याने वही नेली असती. त्याला टेपवरचं बोलणं लपवायचं होतं. ते बोलणं तिघांनाच ठाऊक असू शकतं. दोघं बोलणारे, आणि तिसरा शेवटचं मिनिट ऐकणारा. काकांना डब्यांचा रंगही माहीत नाही. नोंदवाली दहाला गेली तेव्हा टेप आधीच गेलेली होती आणि त्या जागी ठोकळा होता. अकराच्या मोजणीत तुम्ही कशाला हात लावला नाही, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे ठोकळा चोरानेच ठेवला. पळायच्या घाईतला चोर शेजारच्या डब्या कलतील, टेप वाकतील, याची काळजी करतो का हो? तशी काळजी करणारा या आवारात एकच माणूस आहे."

मामा फडक्याकडे बघत राहिले. "पुरावा काय?"

"काही नाही. पण पाच वाजता त्या नोंदवालीला गाडीत घालून नेणार आहेत. हेर म्हणून."

मामा ताडकन उठले. चेहरा पांढराफटक. "तिला? तिला कशाला? मला कोणी बोललं का नाही?" आणि ते जवळजवळ पळतच खोलीत शिरले. कोपऱ्यात चुंबकाचं पुसणयंत्र होतं. टेप त्यात ठेवून कळ दाबली की सगळा आवाज जातो. शेजारी पुसायच्या निकामी टेपांची चळत उभी होती. तिच्या मधोमध हात घालून त्यांनी एक करडी डबी काढली.

"तीन आठवडे झाले," त्यांना धाप लागली होती. "रोज सकाळी कळीवर बोट ठेवायचो. दाबवलं नाही. तीस वर्षांत मी एक आवाज पुसलेला नाही, बाई, आणि काकांचा कसा पुसू? खोलीबाहेरही नेली नाही. चोरी करायची तर धड ती पण जमली नाही."

बाई डबीवर हात ठेवून म्हणाल्या, "नाही जमली हेच बरं झालं. आता ही ऐकू या. पूर्ण."

६

ऐकायला संचालक हवेत, असा नियम. ते आले, सुरक्षाप्रमुख आले, काकांना आणि नोंदवालीला आणलं. मामांनी टेप लावली. चार वाजून वीस मिनिटं.

आधी नुसते आकडे. मग टेपवरच्या काकांनी काहीतरी ठोकलं, टक्, टक्, आणि ते थांबले.

"थांब गं. इथे आवाज बसका येतोय."

"कुठे, काका?"

"सातव्या खुणेच्या बोटभर खाली. आत पोकळ वाटतंय."

"काटा बरोबर दाखवतोय. जाडी अचूक आहे."

"पुन्हा बघ."

"तीनदा बघितलं. तुम्हाला काटा दिसत नाही, मला दिसतोय ना. उगाच मनाला लावून घेऊ नका."

मग काकांचा हळू आवाज: "असेल. माझंच काहीतरी झालं असेल. लिही पुढचा."

टेप संपून चकती नुसतीच फिरत राहिली.

संचालकांनी खुर्ची मागे सारली. ते फारसे बोलणारे गृहस्थ नव्हते. "जाडी बरोबर असूनही दोन थरांच्या मध्ये हवा राहू शकते," ते म्हणाले. "काट्याला ती कळत नाही. क्ष-किरणांत इतकी सपाट पोकळी दिसत नाही. ध्वनियंत्राने आपण दर वीतभर अंतरावरचा एकेक बिंदूच तपासला." त्यांनी फोन उचलला. "टोपीवर ध्वनियंत्र लावा. सातवी खूण. बोटभर खाली. आत्ता."

कोणीच जागचं हललं नाही. पावणेपाचला फोन वाजला. संचालकांनी ऐकलं, फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसला.

"अंगठ्याच्या नखाएवढी. सत्ताविसाव्या थराखालीच. परत हवेत शिरताना ती फुगली असती आणि टोपी फाटली असती. क्षेपणास्त्र भलतीकडे वळलं असतं. समुद्रात आपण नावा हटवल्यात त्या एका पट्ट्यातल्या, सगळ्या समुद्रातल्या नाही."

नोंदवाली भिंतीला टेकून खाली बसली. "मी गप्प केलं त्यांना," ती पुटपुटली. "मीच."

"काका, तेव्हाच मला का नाही सांगितलंत?" संचालकांनी विचारलं.

"डोळे गेले की माणूस कानांवरही विश्वास ठेवेनासा होतो, साहेब."

पाचला पाच कमी असताना खिडकीखाली काळी गाडी येऊन थांबली. सुरक्षाप्रमुख बाईंकडे वळले. "नियम तर तिघांनीही मोडलाय, बाई."

"मोडलाय. माझ्या अहवालात ते सगळं येईल, एक अक्षर गाळणार नाही. मामांची खोली जाईल, हिची बढती जाईल, काकांचं मोजमाप आजच थांबेल. पण टेप खोलीबाहेर गेली नाही आणि कोणाला विकली नाही. हेर नसलेल्या माणसाला हेरांची गाडी कशाला?"

प्रमुखांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी मान हलवली. प्रमुख खाली उतरले. गाडीच्या काचेपाशी वाकून ते बराच वेळ बोलत होते, मग त्यांनी कुठल्याशा कागदावर सही केली. गाडी आली तशी निघून गेली.

चाचणी पुढे ढकलली गेली. नवी टोपी पहिल्या थरापासून होणार होती.

७

साडेपाचला बाई फाटकापाशी उभ्या होत्या. कामाची पाळी सुटली होती, सगळं आवार एकदम बाहेर लोटलं होतं. त्या गर्दीत नोंदवाली आणि काकाही होते. बाहेरच्या पायऱ्यांशी येऊन काका थबकले. ती नेहमीसारखी किंचित पुढे झाली आणि कोणाला कळणार नाही अशा बेताने पुटपुटली, "पायरी."

काका हलले नाहीत. मागची माणसं खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "चला की हो काका, घरी जायचंय!"

"जायचंय ना," काका म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. आकडा म्हणताना लावत तसा खणखणीत आवाज लावला, सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असा. "पोरी, हात दे गं. मला दिसत नाही."

पुढची माणसं आपणहून बाजूला सरकली, एकाने काकांची पिशवी घेतली, दुसऱ्याने कठड्यावर त्यांचा हात नेऊन ठेवला. नोंदवालीने दुसरा हात धरला.

"मोठ्याने मोज," काका म्हणाले.

"एक," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "दोन. तीन. सावकाश, काका. माझी मुलगी थांबेल थोडी."